प्रश्न वाटून देणारा विभागप्रमुख

व्यापक सापेक्षतेच्या अंगाने ताऱ्यांचा विचार करणारे आजचे शोधनिबंध चाळले, तर दोन भारतीय आडनावे पुन्हा पुन्हा भेटतात. एक वैद्य, दुसरे करमरकर. प्रकाश फेकणाऱ्या ताऱ्याभोवतीचे गुरुत्वीय क्षेत्र सांगायचे असेल तर ‘वैद्य मेट्रिक’ लागते. अतिघन ताऱ्याच्या पोटातल्या अवकाशाची घडण मांडताना अनेक अभ्यासक ‘करमरकर अट’ वापरतात. पहिल्याचा जन्म १९४३ सालचा, दुसरीचा १९४८ चा. ब्राझीलपासून दक्षिण आफ्रिकेपर्यंतचे तरुण संशोधक आजही ही नावे रोज लिहितात.

या दोन्ही नावांच्या मागे एक तिसरे नाव उभे आहे. ते कोल्हापूरचे आहे. प्रा. विष्णु वासुदेव नारळीकर, जन्म २६ सप्टेंबर १९०८. बनारस हिंदू विद्यापीठाच्या गणित विभागाचे ते तब्बल २८ वर्षे प्रमुख होते. महाराष्ट्र त्यांना ओळखतो तो बहुधा खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकरांचे वडील म्हणून. २० मे २०२५ रोजी जयंतराव गेले, तेव्हा त्यांच्यावरच्या लेखांत वडिलांच्या वाट्याला एकदोन ओळी आल्या. या लेखात मला त्या ओळींच्या जागी एक पूर्ण कारकीर्द ठेवायची आहे. विभागप्रमुख नेमका कशासाठी असतो, हा आजचा जिव्हाळ्याचा प्रश्न आहे आणि त्याचे एक भरभक्कम उत्तर या माणसाच्या आयुष्यात सापडते.

संस्थानाचे कर्ज

विष्णुपंतांच्या बालपणीचे कोल्हापूर विद्येला भुकेलेले गाव होते. राजाराम कॉलेज १८८० सालापासून चालू होते. गोपाळ कृष्ण गोखले तिथे शिकून गेले होते. शाहू महाराजांनी वसतिगृहे उभारली होती आणि १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले होते. विद्यापीठ मात्र नव्हते. पदवीवर शिक्का मुंबईचा असे आणि विज्ञानात खोल उतरायचे तर मुंबई गाठावी लागे. विष्णुपंतांनीही तेच केले. १९२८ मध्ये मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून ते बी.एस्सी. झाले आणि केंब्रिजला निघाले.

मध्यमवर्गीय घरातल्या मुलाला केंब्रिजचा खर्च झेपणे शक्यच नव्हते. जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये सुरू केलेल्या जे. एन. टाटा निधीचा हात मिळाला, कोल्हापूर संस्थानाने कर्ज दिले. हे पैसे उभे करणाऱ्यांनी एका विशीतल्या मुलाच्या बुद्धीवर विश्वास टाकला होता. ती बुद्धी पुढे गावाच्या उपयोगी पडेल की नाही, याची हमी कोणाकडेच नव्हती. तरीही संस्थानाने हात आखडता घेतला नाही, ही गोष्ट कोल्हापूरने अभिमानाने लक्षात ठेवावी अशी आहे.

केंब्रिजची गणिताची परीक्षा म्हणजे ट्रायपॉस. तिच्यात पहिल्या वर्गात येणाऱ्याला रँग्लर म्हणतात. रघुनाथराव परांजपे १८९९ मध्ये सीनियर रँग्लर झाल्यापासून हा शब्द मराठी घरांत अगदी ओळखीचा झाला होता. क्रमांक जाहीर करण्याची पद्धत १९०९ नंतर बंद झाली; त्यानंतर विशेष प्रावीण्य दाखवणाऱ्याच्या नावापुढे तारांकन येई. १९३० मध्ये नारळीकरांनी हा मान मिळवला. पुढे संशोधनासाठी आयझॅक न्यूटन विद्यार्थिवृत्ती आणि रॅले पारितोषिकही त्यांना मिळाले.

त्या काळी केंब्रिजमध्ये आर्थर एडिंग्टन शिकवत होते. १९१९ च्या खग्रास सूर्यग्रहणात सूर्याजवळून येणारे ताऱ्यांचे किरण वाकतात हे दाखवून आइन्स्टाइनच्या सिद्धान्ताला पुष्टी देणारे ते हेच. गुरुत्वाकर्षण म्हणजे अवकाश-काळाची वक्रता, ही कल्पना ज्या माणसाने इंग्रजी जगाला समजावून दिली, त्याच्या सहवासात कोल्हापूरचा हा तरुण खगोलशास्त्र शिकत होता. पुढच्या साऱ्या आयुष्याची दिशा तिथेच ठरली.

बनारसची खुर्ची

पंडित मदनमोहन मालवीय १९१६ मध्ये स्थापन झालेल्या आपल्या विद्यापीठासाठी माणसे हेरत असत. गणित विभागाला तिथे आधीपासून चांगली परंपरा होती, डॉ. गणेश प्रसाद यांनी सुरुवातीची वर्षे तो सांभाळला होता. मालवीयजींनी नारळीकरांना बोलावले आणि १९३२ मध्ये ते थेट विभागप्रमुख म्हणून रुजू झाले. तेव्हा त्यांचे वय जेमतेम तेवीस-चोवीस होते. हाताखालचे काही अध्यापक वयाने त्यांच्याहून मोठे असणार, हे ओघानेच आले.

इतक्या लहान वयात प्रमुखपद मिळालेला माणूस दोन वाटांनी जाऊ शकतो. एक वाट अशी की आपल्या संशोधनाभोवती कुंपण घालायचे, शिकवण्याचा भार इतरांवर टाकायचा आणि नाव कमवायचे. दुसरी वाट विभागच आपले संशोधन मानण्याची. नारळीकरांनी दुसरी धरली. त्यांनी शिकवले, अभ्यासक्रमात सापेक्षतेला जागा दिली, आणि ज्या विषयाकडे तेव्हा जगातही फारसे कोणी फिरकत नव्हते त्या विषयाची एक शाळा गंगेच्या काठी उभी केली.

‘फारसे कोणी फिरकत नव्हते’ हे म्हणणे जरा उलगडून सांगायला हवे. आज कृष्णविवरे आणि गुरुत्वीय लहरी वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर येतात. १९३० आणि ४० च्या दशकांत चित्र अगदी वेगळे होते. हुशार भौतिकशास्त्रज्ञ पुंजयांत्रिकीकडे धावत होते, कारण तिथे रोज नवे प्रयोग होत होते. व्यापक सापेक्षतेच्या गाठीशी मोजकेच पुरावे होते : बुधाच्या कक्षेचे शतकाला सुमारे ४३ विकलांनी जास्तीचे सरकणे, किरणांचे वाकणे आणि आणखी एखाददुसरा. समीकरणे अवघड आणि प्रयोगशाळेत तपासण्याजोगे जवळपास काहीच नाही. असा विषय निवडणाऱ्या तरुणाला नोकरी कोण देणार, हा प्रश्न युरोपातही विचारला जाई.

पण या विषयाची एक खुबी होती. त्याला महागडी यंत्रे लागत नव्हती. कागद, पेन्सिल, बरे ग्रंथालय आणि बोलायला जाणता माणूस एवढी सामग्री पुरे होती. पारतंत्र्यातल्या, पैशाची चणचण असलेल्या विद्यापीठाला जगाच्या बरोबरीने करता येईल असे हे विज्ञान होते.

प्रकाश देणारा तारा

एका प्रश्नाची हकिकत सांगितली की नारळीकरांची रीत ध्यानात येईल.

आइन्स्टाइनची समीकरणे आल्याबरोबर १९१६ मध्ये कार्ल श्वार्झशिल्डने गोल वस्तुमानाभोवतीच्या अवकाशाचे नेमके उत्तर काढले. ग्रहांच्या कक्षा, किरणांचे वाकणे, सारे त्यातून निघते. मात्र त्या उत्तरात एक गृहीतक आहे. तारा काहीही बाहेर टाकत नाही, त्याचे वस्तुमान कायम राहते. म्हणजे गणितातला तारा काळोखा होता. आकाशातला खरा तारा उजळतो, आणि उजळणे म्हणजे ऊर्जा गमावणे, ऊर्जा गमावणे म्हणजे वस्तुमान गमावणे. आपला सूर्य या रीतीने दर सेकंदाला सुमारे ४२ लाख टन वस्तुमान प्रकाशाच्या रूपाने उधळतो. सूर्याच्या एकूण वस्तुमानापुढे हा आकडा नगण्य आहे, म्हणून ग्रहगणितात काही बिघडत नाही. पण तत्त्वाचा प्रश्न उरतोच : प्रकाश देणाऱ्या ताऱ्याभोवतीचे क्षेत्र कसे असेल?

१९४२ मध्ये प्रल्हाद चुनीलाल वैद्य नावाचा चोवीस वर्षांचा गुजराती तरुण बनारसला आला. सोबत पत्नी आणि तान्ही मुलगी. हातात शिष्यवृत्ती नव्हती. साठवलेल्या पैशांवर जेवढे दिवस निघतील तेवढे काढायचे, असा बेत होता. देशात ‘चले जाव’ची ठिणगी पडली होती, बनारस विद्यापीठ त्या आंदोलनात होरपळत होते. अशा दिवसांत नारळीकरांनी त्याला हा प्रकाश देणाऱ्या ताऱ्याचा प्रश्न दिला. सुमारे दहा महिन्यांत पैसे संपत आले, तोवर उत्तर हाती लागले होते. १९४३ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये छोटासा निबंध आला आणि त्यावर नाव एकट्या वैद्यांचे होते.

उत्तराचे मर्म सोपे आहे. वैद्यांच्या मांडणीत वस्तुमान स्थिर राहत नाही, ते काळाबरोबर घटत जाते. मात्र दूरच्या निरीक्षकाला ते घटताना दिसते ते प्रकाश त्याच्यापर्यंत पोहोचल्यावरच. ताऱ्याने दिलेला प्रकाश बाहेर पसरत जातो आणि त्याच्या पाठोपाठ ‘आता वस्तुमान इतके उरले’ ही वार्ताही त्याच वेगाने पसरते. काळाचे मोजमाप या बाहेर जाणाऱ्या किरणांना बांधून घेतले की किचकट समीकरणे सुटसुटीत होतात. वीस वर्षे या उत्तराकडे जगाने फारसे लक्ष दिले नाही. मग १९६३ मध्ये क्वासार सापडले. अंतराळात दूरवर, आकाराच्या मानाने अचाट ऊर्जा ओकणाऱ्या या वस्तूंनी गुरुत्वाकर्षण आणि प्रारण यांचा एकत्र विचार करणे भाग पाडले. तेव्हा बनारसमध्ये काढलेले उत्तर तयारच होते. आज कोसळणारे तारे, बाष्पीभवन होणारी कृष्णविवरे यांच्या अभ्यासात ते पाठ्यपुस्तकी साधन झाले आहे.

इथे विभागप्रमुखाची थोरवी दिसते. प्रश्न नारळीकरांच्या मनात होता. तो स्वतःसाठी राखून ठेवणे त्यांच्या हातात होते. निदान निबंधावर आपले नाव जोडणे तर सहज जमले असते. आजच्या कित्येक विभागांत तो शिरस्ताच आहे. त्यांनी प्रश्न देऊन टाकला आणि श्रेयही. त्याच काळात नारळीकर, पटवर्धन आणि वैद्य या तिघांचा गोलाकार वस्तुमानांविषयीचा एक संयुक्त निबंधही प्रसिद्ध झाला. जिथे स्वतः खपले तिथे नाव घातले, जिथे केवळ वाट दाखवली तिथे नाही, असा चोख हिशेब यातून दिसतो.

वैद्य पुढे गुजरातेत परतले, १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाचे पीएच.डी. झाले आणि गुजरात विद्यापीठाचे कुलगुरुपदही त्यांनी भूषवले. गुजरातेत गणिताची जी चळवळ उभी राहिली तिचे ते आधारस्तंभ होते. बनारसमधल्या दहा महिन्यांचे पीक गुजरातने साठ वर्षे खाल्ले, असे म्हटले तर वावगे ठरणार नाही.

चौदा संख्या आणि पाचवी मिती

के. आर. करमरकर हे नारळीकरांचे सहसंशोधक. वक्र पृष्ठभाग समजून घेण्याची एक जुनी युक्ती म्हणजे तो एका अधिक मितीच्या सपाट अवकाशात बसतो का, ते पाहणे. चेंडूचा पृष्ठभाग दोन मितींचा, तो आपल्या तीन मितींत सुखाने बसतो. चार मितींचा अवकाश-काळ मात्र दरवेळी पाच मितींत मावतोच असे नाही. गोल ताऱ्याभोवतीच्या अवकाश-काळाला साधारणपणे सहा लागतात. मग तो पाचच मितींत केव्हा मावेल? करमरकरांनी १९४८ मध्ये वक्रतेच्या घटकांमधला एक नेमका संबंध मांडला. तो पाळला गेला तरच पाच मिती पुरतात. हीच करमरकर अट. गेल्या दहाएक वर्षांत अतिघन ताऱ्यांची प्रारूपे बांधणाऱ्यांनी ती पुन्हा उचलून धरली, कारण तिच्यामुळे ताऱ्याच्या घडणीतल्या दोन अज्ञातांपैकी एक दुसऱ्यावरून काढता येते आणि अर्धे काम हलके होते.

पुढच्याच वर्षी, १९४९ मध्ये, नारळीकर आणि करमरकर यांनी मिळून आणखी एक पायाभूत काम केले. अवकाश-काळाच्या वक्रतेला एकूण २० स्वतंत्र घटक असतात, पण निरीक्षक बदलला की त्यांची मूल्ये बदलतात. कोणीही कुठूनही मोजले तरी तीच येतील, अशा संख्या त्यातून किती निघतात? उत्तर आहे चौदा. या चौदा संख्या प्रत्यक्ष कशा लिहायच्या, ते या दोघांनी दाखवले. दोन उत्तरे वरवर वेगळी दिसत असली तरी मुळात एकाच अवकाश-काळाची आहेत का, हे ओळखायला अशा संख्या उपयोगी पडतात.

ही कामे ज्या काळात झाली तो काळ आठवावा. महायुद्धामुळे परदेशी नियतकालिके वेळेवर येत नव्हती, मग फाळणी, मग नव्या देशाची घडी. विद्यापीठाचे कुलगुरू बदलत गेले, मालवीयजींनंतर डॉ. राधाकृष्णन आले, नंतर आणखी कितीतरी. गणित विभागातला सापेक्षतेचा धागा मात्र तुटला नाही. कोलकात्यात अमल कुमार रायचौधुरी १९५५ मध्ये आपल्या प्रसिद्ध समीकरणापर्यंत पोहोचले, ते वेगळ्या वाटेने. पण ‘भारतात या विषयावर गांभीर्याने काम होते’ असे जग म्हणू लागले त्यात बनारसचा वाटा मोठा आहे. १९६९ मध्ये व्यापक सापेक्षता आणि गुरुत्वाकर्षणाच्या अभ्यासकांची अखिल भारतीय संघटना स्थापन झाली तेव्हा पहिले अध्यक्ष म्हणून नारळीकरांचीच निवड झाली.

हुजूरबाजारांचे घर

कोल्हापूरच्या गणितावर लिहायचे तर हुजूरबाजार घराण्याला वगळून चालणार नाही. नारळीकरांच्या पत्नी सुमतीबाई याच घरातल्या, संस्कृतच्या विदुषी. त्यांचे बंधू वसंत शंकर हुजूरबाजार यांचा जन्मही कोल्हापूरचाच, १९१९ चा. बनारसला उच्च शिक्षण घेऊन ते केंब्रिजला गेले आणि हॅरल्ड जेफ्रीझ यांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये संख्याशास्त्रात डॉक्टरेट मिळवून आले. नमुन्यावरून मूळ समूहाचा अंदाज बांधताना संख्याशास्त्रज्ञ फिशरने सांगितलेली एक पद्धत जगभर वापरली जाते. त्या पद्धतीत समीकरणाची अनेक उत्तरे येऊ शकतात; त्यातले विश्वासार्ह उत्तर नमुना मोठा होत गेला की एकच उरते, हे हुजूरबाजारांनी १९४८ च्या निबंधात सिद्ध केले.

१९५३ मध्ये पुणे विद्यापीठात संख्याशास्त्र विभाग सुरू झाला, त्याचे संस्थापक प्रमुख हुजूरबाजार. १९६० मध्ये केंब्रिजचे ॲडम्स पारितोषिक आणि १९७४ मध्ये पद्मभूषण त्यांना मिळाले. त्यांच्या दोन्ही मुली पुढे अमेरिकेत संख्याशास्त्रज्ञ म्हणून नावारूपाला आल्या. मेहुणे बनारसला गणिताचे प्रमुख, शालक पुण्याला संख्याशास्त्राचे. कोल्हापूरच्या एका सोयरिकीने दोन विद्यापीठांना दोन विभाग घडवून दिले.

बनारसच्या घरातले वातावरण जयंतरावांनी वेळोवेळी सांगितले आहे. वडिलांनी मुलांसाठी घराच्या भिंतींवर मोठे फळे करून घेतले होते. एम.एस्सी. शिकायला आलेले मोरूमामा हुजूरबाजार त्या फळ्यावर ‘जेव्हीएनसाठी आव्हान’ अशा मथळ्याखाली गणित लिहून ठेवत. भाचा ते सोडवेपर्यंत, किंवा हार मानेपर्यंत, ते तसेच राही. इथेही तीच रीत दिसते. समोरच्याला त्याच्या आवाक्याच्या किंचित पलीकडचा प्रश्न द्यायचा आणि मग त्याला एकटे सोडायचे. बनारसच्या विभागात वैद्यांना जे मिळाले, तेच घरात शाळकरी मुलाला मिळत होते. पुढे जयंतराव टाटा निधीच्याच आधाराने वडिलांच्याच केंब्रिजला गेले आणि १९५९ मध्ये रँग्लर झाले.

उत्तरायुष्य

१९६० मध्ये नारळीकरांनी बनारस सोडले. पुढची काही वर्षे ते अजमेरला राजस्थान लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष होते. १९६६ मध्ये ते पुन्हा वर्गाकडे वळले. पुणे विद्यापीठात उपयोजित गणिताच्या लोकमान्य टिळक अध्यासनावर त्यांची नेमणूक झाली आणि १९७३ पर्यंत ते तिथे होते. टिळकांना गणिताची आणि खगोलाची जी ओढ होती, ती पाहता या अध्यासनावर याहून योग्य माणूस मिळाला नसता.

१९८८ मध्ये त्याच विद्यापीठाच्या आवारात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी राहू लागली आणि जयंतराव तिचे संस्थापक संचालक झाले. हुजूरबाजारांचा १९५३ चा विभाग, वडिलांचे १९६६ चे अध्यासन आणि मुलाची १९८८ ची संस्था, तिन्ही एकाच आवारात आणि तिन्ही माणसे कोल्हापुरात जन्मलेली. जयंतरावांचाही जन्म १९ जुलै १९३८ रोजी कोल्हापूरलाच झाला होता. १ एप्रिल १९९१ रोजी विष्णुपंत गेले. त्याच वर्षी वसंतराव हुजूरबाजारही गेले.

आजच्या कोल्हापूरसाठी

शिवाजी विद्यापीठाचे उद्घाटन १८ नोव्हेंबर १९६२ रोजी राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते झाले. बनारसला नारळीकरांचे कुलगुरू राहिलेल्या या तत्त्वज्ञानेच त्यांच्या जन्मगावी विद्यापीठाचा दरवाजा उघडावा, हा सुरेख योग होता. तेव्हापासून गणित शिकायला कोल्हापूरच्या मुलाला मुंबई गाठायची सक्ती उरली नाही. चंदगड, आजरा, राधानगरी, शिराळा, पाटण अशा तालुक्यांतली मुले-मुली एस.टी.ने येऊन सागरमाळावरच्या या विद्यापीठात एम.एस्सी. करतात. त्यांतल्या अनेक जणी घरातल्या पहिल्या पदवीधर असतात. १९२८ च्या विष्णुपंतांपेक्षा त्यांची वाट कितीतरी जवळची आहे.

पण वाट जवळ आली म्हणून प्रश्न मिळतोच असे नाही. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत आणि महाविद्यालयांत अध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या राहतात. तासिका तत्त्वावर शिकवणारी सेट-नेट झालेली माणसे एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात धावतात. विद्यार्थ्याजवळ दहा मिनिटे बसायची त्यांना उसंत नसते. कायम अध्यापकांच्या मागे गुणांकांचे तक्ते, नॅकच्या फायली आणि प्रसिद्ध निबंधांची मोजणी लागली आहे. विभागप्रमुखपद ठरावीक मुदतीने आळीपाळीने येते. एका माणसाच्या हाती २८ वर्षे खुर्ची राहण्यातले धोके पाहता हा नियम योग्यच आहे. प्रत्येक खुर्चीवर नारळीकर बसत नाहीत. मात्र त्या थोड्या वर्षांचा बहुतेक वेळ पत्रव्यवहारातच जातो, हे नुकसान खरे आहे.

निबंध मोजणाऱ्या व्यवस्थेत नारळीकरांसारखा प्रमुख तोट्यात जातो, हे स्पष्ट सांगायला हवे. विद्यार्थ्याला दिलेल्या प्रश्नाला कोणत्याही तक्त्यात रकाना नाही. वैद्यांच्या १९४३ च्या निबंधाचा एकही गुण आजच्या नियमाने नारळीकरांच्या खात्यात जमा झाला नसता. मग अध्यापकाने प्रश्न का वाटावेत? आपल्या नावावर का लावू नयेत? व्यवस्था जे मोजते तेच माणसे करू लागतात, आणि जे मोजत नाही ते हळूहळू बंद पडते.

यावर उपाय अवघड नाहीत. विद्यापीठाच्या प्रत्येक गणित विभागाने दर जूनमध्ये आपल्या अध्यापकांनी सुचवलेल्या न सुटलेल्या प्रश्नांची यादी जाहीर करावी. कोणत्याही महाविद्यालयातल्या विद्यार्थ्याला त्यातला एक उचलता यावा, आणि ज्याने प्रश्न दिला त्याची नोंद विभागाच्या वार्षिक अहवालात व्हावी. वैद्य दहा महिने साठवलेल्या पैशांवर राहिले. तशी वेळ येऊ नये म्हणून वर्षभर राहण्याखाण्याची सोय करणारी छोटी शिष्यवृत्ती असावी. कोल्हापूर संस्थानाने १९२८ मध्ये एका मुलाला कर्ज दिले होते. आजचे कोल्हापूर तेव्हाच्या संस्थानापेक्षा कितीतरी श्रीमंत आहे. साखर कारखाने, फौंड्री, दूध संघ, बँका इथे उभ्या आहेत. गणिताच्या दोनचार विद्यार्थ्यांचा वर्षाचा खर्च त्यांना जड नाही. त्याला विष्णु वासुदेव नारळीकरांचे नाव द्यावे, म्हणजे घेणाऱ्याला कळेल की त्याच्याकडून काय अपेक्षित आहे.

आणि विभागप्रमुख निवृत्त होताना त्याच्या सत्कारात निबंधांचा आकडा वाचून दाखवण्याआधी एवढेच विचारावे : यांनी दिलेल्या प्रश्नांवर आज कोणाकोणाचे नाव आहे? नारळीकरांसाठी या प्रश्नाचे उत्तर आठ दशकांनंतरही जगभरच्या शोधनिबंधांत छापले जाते. कोल्हापूरच्या पुढच्या विभागप्रमुखांकडून आपण हेच मागितले पाहिजे.